दोघींची एकच जन्मतारीख

सावद्याजवळच्या त्या खेड्यात बांधावरून भांडण झालं की लोक तलाठ्याकडे जायच्या आधी तोतारामनानाकडे जात. तो दोघांचं ऐकून घ्यायचा, दोघांनाही थोडं चुकीचं ठरवायचा आणि म्हणायचा, "मधलं धरा." मग खुंटी बरोबर मध्ये ठोकली जायची, दोघेही सारखेच नाराज होऊन घरी जायचे आणि भांडण मिटायचं. आपल्याइतकं शहाणं माणूस पंचक्रोशीत नाही, असं त्याला मनातून वाटत असे. त्यात गावाचाही दोष होता. बाराही महिने कोणी आपल्याला न्याय विचारायला आलं, तर तुम्हीआम्हीही असेच फुगलो असतो.

त्याची बायको धाकटी मुलगी शेवंता दोन वर्षांची असताना गेली. मोठी बेबा तेव्हा चार-साडेचारची. तोताराम केळीच्या बागेत राबायचा आणि घरी बेबा शेवंतेला कडेवर घेऊन फिरायची. त्या कडेवरच्या ओझ्यापायी तिची शाळा राहिली. बेबा साडेसात वर्षांची झाली तेव्हा कुठे तोताराम दोघींना घेऊन शाळेत गेला. साल होतं बहात्तर.

गुरुजी म्हणाले, "ही मोठी फार उशिरा आणलीत, आणि ही पाचच वर्षांची, हिला घेता येणार नाही."

"धाकली घरी राहिली तर मोठीले घरी राहनं पडीन, गुरुजी," तोताराम म्हणाला. "मधलं धरा. दोघी सहाच्या लिहा."

गुरुजींनी हसत दोघींपुढे १ जून १९६६ लिहिलं. आईविना दोन पोरी एका बाकावर बसून शिकल्या, यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. त्या दिवशी तोताराम घरी आला तो बांधाचं मोठं भांडण मिटवल्यासारखा.

शेवंता पुढे ताडमाड वाढली. बेबा दहावीवर थांबली, शेवंता कॉलेजात गेली, आणि तिथले खेळाचे शिक्षक शालिग्राम सर तिला पाहून चालता चालता थांबले. त्यांनी तिला व्हॉलीबॉलच्या नेटपाशी उभं केलं. सुट्टीत घरी आली की ती बागेच्या कडेला दोन बांबूंना केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी बांधायची आणि त्यावरून चेंडू मारत बसायची. बेबा पलीकडून तो आणून द्यायची. पंचाऐंशीत बेबाचं लग्न धुळे जिल्ह्यात नरडाण्याला गिरधरशी झालं, आणि चेंडू आणायला कोणी उरलं नाही.

शहाऐंशी साली शेवंतेला पंजाबात शिबिराला बोलावणं आलं. आशियातल्या देशांच्या ज्युनिअर मुलींच्या संघांची स्पर्धा परदेशात व्हायची होती, तिच्यासाठी भारताचा संघ निवडायचा होता. अठरा मुलींतून बारा निवडल्या, त्यात शेवंता होती. गावात पेढे वाटायचे राहिले नाहीत. तोतारामनं सदऱ्याच्या खिशात पत्राची घडी ठेवली आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही काढून दाखवली.

पासपोर्टसाठी शाळेचा दाखला गेला, आणि आठ दिवसांत दुसरं पत्र आलं. एक जानेवारी सदुसष्टनंतर जन्मलेल्या मुलींनाच खेळता येईल. शेवंता कागदावर सात महिन्यांनी मोठी होती. खरी जन्मली होती ती सदुसष्टच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी.

पंधरा दिवसांची मुदत होती. शालिग्राम सर तोतारामला आणि शेवंतेला घेऊन जळगावला मोतीलाल वकिलांकडे गेले. मुलींच्या आजोळी भडगावच्या जन्मनोंदीत दोन ओळी सापडल्या होत्या. एक चौसष्टची, एक सदुसष्टची. दोन्हींत तोतारामचं नाव आणि पुढे नुसतं "मुलगी".

"नोंद आहे, पण शाळेच्या कागदावर तुमच्या मुली जुळ्या आहेत," वकील म्हणाले. "उद्या कोणी विचारेल, ही सदुसष्टची तिसरी कोण? तेव्हा दोघींची तारीख एकदमच दुरुस्त करावी लागेल. मोठीनंही लिहून द्यायचं, की मी चौसष्टची, ही माझी धाकटी बहीण. तिची सही आणा, बाकीचं मी बघतो."

शेवंता लगेच म्हणाली, "बेबा करीन."

ती अशी म्हणाली, की जणू सही होऊन आलीच. तोतारामला मात्र नरडाणं आठवलं. बेबाची सोयरीक जुळवताना त्यानं दाखल्यावरचंच वय सांगितलं होतं. गिरधर पासष्टच्या दिवाळीचा. म्हणजे सून नवऱ्याहून वर्षभरानं मोठी. हे नरडाण्याला कळलं तर काय होईल, याचा विचार करताना त्याला वकिलांचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. खोटं बोलून मुलगी गळ्यात मारली म्हणतील, परत पाठवतील. अंगावर आठ महिन्यांचं पोर होतं बेबाच्या.

सही आणायला तो एकटाच गेला. शेवंता येते म्हणाली, पण त्यानं तिला सरावाला जायला सांगितलं. कागद पिशवीत, धोतराच्या घडीत ठेवला होता. सुरतेकडच्या पॅसेंजरनं तो नरडाण्याला उतरला आणि वाटेत त्यानं मनाशी घोकलं, की आधी बेबाला एकटीला गाठायचं, सगळं सांगायचं, तिच्यावर सोपवायचं.

घरात पाऊल टाकलं तर बेबा हसत होती. एवढ्याशा गोष्टीचं कौतुक काय, असं कोणी म्हणेल. पण ही पोर त्याच्या घरी कधी अशी हसली नव्हती, चार-साडेचार वर्षांची असल्यापासून ती बाईमाणूस होती. सासू सुंदरबाई नातीला न्हाऊ घालत होती, बेबा पाणी ओतत होती. गिरधर ओट्यावरून म्हणाला, "दखा नाना, मनाथी लहान शे, तरी मलेच शिकाडस." बायको आपल्याहून लहान असून आपल्यालाच शिकवते म्हणतो, यावर सगळे हसले. तोतारामही हसला, आणि त्याचा पिशवीत गेलेला हात तसाच बाहेर आला.

तो दुपारभर बसला. बेबानं त्याला भाकरी वाढली, शेवंता कधी जाणार, विमानात तिला भीती वाटेल का, असं काय काय विचारलं. बोलायला वेळ भरपूर होता. सासू मागच्या दारी गेली, गिरधर शेतावर गेला, तरी तो बोलला नाही. दोन मुलींच्या मधोमध ठोकायला खुंटी नसते, हे त्याला वयाच्या पन्नाशीत कळलं. कळून काही उपयोग झाला नाही. कागद होता तसा परत आला.

गाडीत त्यानं खोटं जुळवायला घेतलं. वकील नाही म्हणाले, असं सांगता येत नव्हतं, वकिलांशी शालिग्राम सर रोज बोलत होते. नोंद सापडली नाही, हेही जमत नव्हतं. राहिली एकच बेबा.

शेवंता सावद्याच्या स्टँडवर उभी होती.

"बेबा नाही म्हने," तो म्हणाला. "तिले तिचं घर पाहनं हाये."

शेवंतेनं पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "असं म्हने ती?"

"हो."

ती वळली आणि त्याच्या पुढे झपाझप घराकडे चालू लागली.

संघ गेला तेव्हा तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. तोताराम आठ दिवस चावडीवर पेपर उलटून पाहत होता. एका कोपऱ्यात दोन-तीन ओळी आल्या. कोण जिंकलं, कोण हरलं, त्याला कळलं नाही आणि कोणाला विचारायचा धीर झाला नाही. शालिग्राम सर म्हणाले, मोठ्या मुलींच्या संघात अजून संधी आहे. शेवंता मैदानावर गेलीच नाही. दुसऱ्या वर्षी तिचं भडगावला लग्न लागलं. तिच्याएवढा उंच मुलगा शोधताना तोतारामची पायताणं झिजली. लग्नात ओटी भरायला बेबा पुढे आली तेव्हा शेवंतेनं पदर पुढे केला नाही. लोकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून पोरीचं भान नाही.

आखाजीला लेकी माहेरी येतात. तोतारामनं पद्धत पाडली, की एका साली बेबानं यायचं, एका साली शेवंतेनं. घर लहान, करणारं कोणी नाही, असं कारण तो सांगायचा. बेबा दर खेपेला विचारायची, "नाना, शेवंता माह्याशी काबरं बोलत नाही?" तो म्हणायचा, "तिचा स्वभावच तसा झाला."

चौऱ्याण्णव सालची आखाजी शेवंतेची होती. पण तोताराम तापानं अंथरुणाला खिळला होता. ते ऐकून बेबा न सांगता आली. शेवंता चुलीपाशी होती. बेबा तिच्यासमोर जाऊन बसली.

"आज सांगितल्याबिगर मी उठत नाही. मी काय केलं व तुह्यं?"

"तू सही नाही केली," शेवंता म्हणाली. आठ वर्षांत बहिणीशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"कसली सही?"

शेवंतेचा हात थांबला. दोघींनी खाटेकडे पाहिलं. तोतारामनं डोळे मिटून पाहिले, पण झोपेचं सोंग घ्यायचं त्याचं वय राहिलं नव्हतं. त्यानं भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. कागद, पिशवी, दुपारभर बसणं. तुह्यं घर मोडू नाही म्हणून, असं तो दोनदा म्हणाला.

बेबा खाटेपाशी आली. मग हळू म्हणाली, "नाना, माह्या सासूले तं मी पहिल्याच साली सांगितलं व्हतं. घरात सगळ्यायले माहीत हाये. 'लहान शे' म्हनत, ते तं थट्टा करत. मी सही केली असती."

शेवंता ओट्यावर जाऊन बसली. बेबा तिच्या मागे गेली. तिनं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला, तो शेवंतेनं झटकला नाही, पण धरलाही नाही. आठ वर्षं जिचा दुस्वास केला तिच्या कुशीत लगेच कसं शिरायचं, हे शेवंतेला कळेना.

आतून तोताराम कान देऊन होता. पोरींनी आपल्याला बोल लावावेत, शिव्या द्याव्यात, असं त्याला मनापासून वाटत होतं. थोड्या वेळानं शेवंता आत आली. तिनं त्याला उठवून बसवलं, औषधाची गोळी दिली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तोंड पुसून पुन्हा निजवलं. हे सगळं तिनं त्याच्याकडे एकदाही न बघता केलं.