नवमीला चालवलेली कानस

साचा घडवणं हे उलटं काम आहे. वस्तूत जिथे पोकळी हवी तिथे साच्यात भरीव ठेवायचं आणि जिथे भरीव हवं तिथे कोरायचं. नियम मात्र एकच: लोखंड काढता येतं, परत चिकटवता येत नाही. तो मी नागपूरला पुस्तकात वाचला होता. वाशीमला आमच्या मिस्त्रींना तो पुस्तकाशिवाय ठाऊक होता.

मी तेव्हा एका जिनिंग फॅक्टरीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर होतो. एक लेथ, एक ड्रिल मशीन, त्यांना पट्ट्यावर फिरवणारं ऑइल इंजिन आणि पन्नाशीचे मिस्त्री, एवढाच माझा मुलूख. आमचा भाग नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. आम्ही जागचे हललो नव्हतो, पण शेठजींना वाटू लागलं की जे मुंबईत होतं ते आता इथेही झालं पाहिजे. मुंबईत बॅकेलाइटच्या, म्हणजे त्या काळच्या कडक प्लास्टिकच्या, वस्तू होत होत्या. तापलेल्या साच्यात भुकटी घालून प्रेसने दाबायची की वस्तू तयार. शेठजींनी हाताने फिरवायचा प्रेस मागवला आणि ठरवलं की आपण कुंकवाची डबी काढायची. तांबडी, गोल, झाकणावर कमळ. उद्घाटन दसऱ्याला.

साचा मिस्त्रींनी घडवला. कागदावरची आकृती माझी, पोलादावरचा हात त्यांचा. इंझोरीकडचे होते, लढाईच्या काळात रेल्वेच्या शेडमध्ये लेथ शिकले होते. ते मायक्रोमीटर वापरत, पण आधी अंगठा फिरवून आकडा सांगत आणि मग मायक्रोमीटर बरोबर आहे का ते बघत.

अष्टमीला दिवस मावळताना पहिली डबी निघाली. झाकण बसलं, पण किंचित हलत होतं.

"मिस्त्री, हे ढिलं आहे."

"असू द्या. मुद्दाम राखलं हाय लोखंड. झाकणाच्या नराचे दोन थाव काढले का बसते चपखल."

नर म्हणजे साच्याचा आत उतरणारा भाग, तो बारीक झाला की झाकणाची पोकळी आवळते; आणि थाव म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा.

"मग काढा ना."

"इंजिन थंडं झालं. सकाळी खंडेनवमी. आता सोनं वाटल्यावरच हत्याराले हात."

"आणि उद्घाटन?"

"पाहुण्याले डबी पाह्याची हाय साहेब, कुंकू थोडंच लावाचं हाय त्याले. हलते तं हलते."

नवमीला सकाळी सगळी हत्यारं सतरंजीवर मांडली गेली. झेंडूची फुलं, नारळ, लेथला हळदकुंकू. साचा आणि प्रेस बाजूला होते. ती हत्यारं नव्हेत, मालकाचं सामान, असा मिस्त्रींचा निवाडा. मीही हात जोडले. हत्यारांना एक दिवस सुट्टी देण्याची कल्पना मला वाईट वाटत नव्हती. पण शेठजींचा पाहुणा डबी हातात घेऊन खुळखुळवणार, आणि पाटीवर इंजिनिअर म्हणून नाव माझं. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी सतरंजीवरची कानस उचलली.

इंजिन बंद होतं. मी नर लेथमध्ये धरला, एका हाताने पट्टा ओढून तो फिरवला आणि दुसऱ्या हाताने कानस लावली. हे कोणत्याच पुस्तकात सांगितलेलं नाही, आणि त्याला कारण आहे. मग पॉलिश पेपर फिरवला. मोजलं. दोन थाव. मोजलं ते एकाच बाजूने, नर गोल राहिला का ते न बघता, कारण आकडा मनासारखा आला होता. कानस होती तिथे ठेवली, तिच्यावर फूलही ठेवलं.

दसऱ्याला दुपारी मांडव भरला. पाहुणे कोण होते हे आता महत्त्वाचं नाही. तेव्हाही त्यांच्या भाषणाइतके ते महत्त्वाचे नव्हते. भाषणात वाशीमचं मँचेस्टर झालं. मिस्त्रींनी नवा सदरा घातला होता. त्यांनी प्रेस फिरवला, डबी काढली, झाकण काढलं, दोन्ही तबकात ठेवून पुढे केली. शेठाणींनी डबीत चिमूटभर कुंकू घातलं. पाहुण्यांनी झाकण ठेवलं. ते बसेना. त्यांनी हसून जरा दाबलं आणि झाकण कमळासकट दुभंगलं.

कुंकू शेठाणींच्या लुगड्यावर सांडलं. दसऱ्याच्या दिवशी, सवाष्णीच्या पुढ्यात, कुंकवाची डबी फुटली. शेठाणी उठून आत गेल्या.

शेठजी प्रेसपाशी आले. "मिस्त्री, हे काय आहे?"

मिस्त्रींनी फडक्याने धरून झाकणाचा गरम नर बाहेर काढला, उजेडात तिरपा केला आणि जरा निवल्यावर त्याच्यावर अंगठा फिरवला. एकदा उभा, एकदा आडवा. लेथच्या हत्याराने कापलेलं पोलाद आणि कानशीने खाल्लेलं पोलाद यांतला फरक त्या अंगठ्याला कळत नसेल, असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

ते थोडा वेळ तसेच थांबले. मग म्हणाले, "चुकलं, शेठजी."

दुसऱ्या दिवशी त्यांना यायचं नाही म्हणून सांगण्यात आलं. चूक माफ झाली असती. अपशकुन माफ होत नाही. मी तोंड उघडायचं ठरवून शेठजींच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, "बरं झालं आलात. आता सगळी मदार तुमच्यावर." मी नव्या नरासाठी पोलाद लागेल एवढं सांगून बाहेर आलो.

नर मी नवा केला. डब्या निघाल्या, शिरपूरला देवळाबाहेरच्या दुकानांत काही दिवस खपल्याही. मग मुंबईहून रंगीत प्लास्टिकच्या आल्या आणि प्रेसवर गोणपाट पडलं.

वर्षभराने शेलूबाजारला बसची वाट पाहत होतो. बाजाराचा दिवस होता. एका झाडाखाली मिस्त्री शिवणयंत्रं दुरुस्त करायला बसले होते. समोर चार हत्यारं, फडक्यावर ओळीने.

"या साहेब. काय नवीन साचे करून राह्यले?"

"काही नाही."

"हं."

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. मग विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला त्या दिवशी कळलं होतं. बोलला का नाहीत?"

"मी कायले बोलू? कानस काय म्या उचलली?" त्यांनी यंत्राचं चाक फिरवून पाहिलं. "तुमी बोलसान म्हणून थांबलो मी. बराच थांबलो."

"मी आता सांगतो शेठजींना. आजच."

"आता?" ते पहिल्यांदा हसले. "आता सांगून तुमाले हलकं वाटन. शेठजी बोलावतीन, मले तिकडं परत यावं लागन. शेठाणी माह्या हातचं पाणी तरी घेईन का? राहू द्या."

एक बाई यंत्र न्यायला आली. ते तिला सुई कशी लावायची ते दाखवू लागले, सावकाश, दोनदा. मी तिथे होतो हे त्यांच्या ध्यानात होतं की नाही, सांगता येत नाही.

बस आली. शेठजींना मी त्या दिवशी सांगितलं नाही, पुढेही नाही. मिस्त्रींनीच नको म्हटलं होतं, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो, आणि ते खरंही आहे.