तेरवी कुठे केली?

‘तेरवी कुठे केली?’

प्रताप नगरातल्या घरमालकीण काकूंनी फार मऊ आवाजात विचारलं. चहाचा ट्रे हातातच होता. खाली ठेवला नव्हता.

तोवर सगळं ठीक चाललं होतं. मी परदेशात शिकून नुकतीच परतले होते. इथल्या कॉलेजात नोकरी लागली होती. जरीपटक्यातलं आमचं घर तिथून फार लांब, म्हणून मला आणि आईला जवळ भाड्याचं घर हवं होतं. काकूंनी वरच्या दोन खोल्या दाखवल्या. आईला बाल्कनी आवडली. चावी टीपॉयवर आली.

‘फॉरेनहून शिकून आली, अन् किती साधी राहते,’ काकू म्हणाल्या. मग, ‘मूळचे कुठले तुम्ही?’

‘कुहीकडचे.’

‘कुहीत कोणाकडचे?’

आमच्या आडनावावरून काही कळत नाही. त्यांना तेच खुपत असावं. तेवढ्यात आईने विचारलं, भिंतीला खिळा ठोकला तर चालेल का, यांचा फोटो लावायचा आहे. बाबा गेल्याचं त्यावरून निघालं. काकू हळहळल्या. आणि तेरवीचं विचारलं.

मला त्या हळहळीतला चाचपणारा हात जाणवला. दुःखाच्या विचारपुशीतून जात काढायची. समोरच्याला राग धरायलाही जागा उरत नाही.

मी तोंड उघडणार, त्याआधी आई बोलली.

‘रामटेकले केली.’

‘बरं केलं. नाहीतर जीव अडकून राहतो,’ काकू म्हणाल्या. आणि ट्रे खाली ठेवला.

मी आईकडे पाहिलं. तिने कप उचलला होता.

बाबा गेले तेव्हा माझी शेवटची परीक्षा होती. मला येता आलं नाही. त्यांचा जलदान विधी मी फोनवर पाहिला. चुलतभाऊ मोबाइल धरून उभा होता. भंतेजींचा आवाज तुटत होता. पांढऱ्या साडीतली आई वाटीत पाणी ओतत होती. वाटी भरली, पाणी ताटात सांडलं, तरी ती ओततच राहिली. बाबांच्या जाण्यातलं माझ्या वाट्याला आलेलं एवढंच. परक्या देशातल्या खोलीत, एका छोट्या पडद्यावर.

ते आईने दोन खोल्यांसाठी पुसून टाकलं. माझ्यासाठी.

‘काकू,’ मी म्हणाले, ‘तेरवी नाही केली. आम्ही बौद्ध आहोत. बाबांचा जलदान विधी झाला, जरीपटक्यात, आमच्या घरी.’

काकू हसल्या. ‘अगं, आमचं काही नाही. आम्ही मानत नाही तसलं. पण यांचा पुतण्या येतो म्हणून राहिला पुण्याहून. आत्ताच आठवलं बघ.’

बोलता बोलता त्यांनी टीपॉयवरची चावी उचलली. ‘चहा घ्या ना,’ म्हणाल्या.

मी कपाला हात लावला नाही. आईनेही तिचा कप खाली ठेवला.

फाटकाबाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘काहून सांगतलं वं? खोली भेटली होती.’

‘बाबांची तेरवी झाली होती का?’

तिने फाटकाची कडी लावली. मग म्हणाली, ‘तुह्या बापानं पाह्यलं असतं त मले बोलला नसता. नुसता पाह्यत राह्यला असता.’

दुसऱ्या दिवशी हे घर सुचवणाऱ्या दलालाला फोन केला. म्हटलं, पुढचं घर दाखवण्याआधी मालकाला आमचं सगळं सांगायचं.

‘मॅडम, मंग घर भेटनं मुश्कील आहे. तेरवी झाली म्हनाचं ना. कोन पाह्यले येते?’

मी फोन ठेवला. आता त्याच्यावर सोडत नाही. मीच जाते. दारातच सांगते, चपला काढण्याआधी, आईसमोर. समोरचा माणूस जागच्या जागी पुतण्या शोधू लागतो. सासरे शोधतो. मी तिथेच उभी राहते.

नाही म्हणायचं असेल, तर त्याने ते कारणासकट म्हणावं. माझ्या तोंडावर. त्याचं खोटं मी त्याला सोपं करून देणार नाही. आणि माझ्या आईला पुन्हा कुणाच्या घरात खोटं बोलू देणार नाही.

बाबांचा फोटो अजून कागदात गुंडाळलेला आहे. मी घरं पाहते आहे.