रावजीच्या पाठीवरचा लाल ठिपका

मी दातांचा डॉक्टर. जे एक्स-रेत दिसतं ते खरं, बाकी सगळं मनाचे खेळ... असं मी पेशंटना ऐकवतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. आमची भाषा तुम्हाला जुनाट वाटेल, सांभाळून घ्या. महामहम तळ्यापासून दोन गल्ल्या सोडून आमचं घर, पहिला मजला. हॉलमध्ये साडेतीन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी.

चार वर्षांपूर्वी चेन्नईहून आणलेल्या एका कोरलच्या तुकड्याला चिकटून एक खेकडा आला. न मागवलेला पाहुणा. पाय केसाळ, नांग्यांची टोकं काळी. फोटो हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं — कोरल खातो, काढून टाका. मी त्याला खालच्या फिल्टरच्या टाकीत हलवला. माझी लेक सानवी तेव्हा आठ वर्षांची. तिनं आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका त्याच्या पाठीवर दिला आणि नाव ठेवलं, रावजी.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही तीन दिवस मरुदानल्लूरला भजनाला गेलो. निघताना सानवीनं हॉलमधली सगळी बटणं बंद केली. आम्हीच शिकवलेलं! पंपही त्याच बोर्डावर. परत आलो तर घरभर वास... एकही जीव वाचला नव्हता.

मी तिच्यावर ओरडलो, "तू मारलंस सगळ्यांना!"

ती रडली नाही. रावजीला गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून खाली कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरून आली. मी टाकीतले दगड ब्लीचमध्ये बुडवले, गच्चीवर कडक वाळवले आणि पोत्यात भरून ठेवले.

यंदा तेच दगड काढून टाकी पुन्हा लावली. आर.ओ.चं पाणी, पाकिटातलं मीठ, बस. मासा नाही, कोरल नाही. समुद्र इथून तासा-दीड तासावर!

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी साडेनऊला, बायकोची हाक, "अहो, खेकडा कधी आणलात?"

मी हसलोच. मग पाहिलं. केसाळ पाय. काळ्या नांग्या. ग्रुपवर फोटो टाकला, तर एकच उत्तर, "वाळवलेल्या दगडातून जिवंत खेकडा येत नाही, काहीतरी विसरताय." मी टॉर्च जवळ नेला आणि तो वळला.

पाठीवर लाल ठिपका.

हातातला टॉर्च पडला. बायको माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे... दोघांनाही वाटलं, दुसऱ्यानं थट्टा केली. एवढ्यात सानवी आली. काचेसमोर बसली.

"अप्पा, हा रावजी."

"वेडी आहेस काय? तो मेला गं."

ती खुरपं घेऊन खाली गेली. आम्ही मागोमाग. वीतभर खणल्यावर डबी लागली. मला वाटलं, रिकामी असणार.

रिकामी नव्हती. आत रावजी होता... वाळून कागद झालेला. पाठीवर तोच ठिपका, जरा फिकट.

"अय्यो," बायको एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. सानवी डबीकडे बघत म्हणाली, "मग वर कोण आहे?"

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "सानू, बोर्डावर पंप मी लावला होता. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक माझी होती." चार वर्षं हे मला म्हणता आलं नव्हतं. तेव्हा कुठे ती रडली. भरपूर.

इथवर थांबलं असतं तर मीही काही जुळवून घेतलं असतं. पण दोनेक आठवड्यांनी खेकड्यानं कात टाकली. खेकडे टाकतातच. सगळं जुनं कवच उतरतं, त्यावरचा रंगही त्याच्याबरोबर जातो. उतरलेलं कवच मी चिमट्यानं बाहेर काढलं. ठिपका त्यावर होता. मग दगडाआडून तो आला — नवा, मऊ, फिकट.

त्याच्याही पाठीवर ठिपका.

याचं उत्तर कुणाकडे असेल तर सांगा. फक्त 'विसरला असाल' म्हणू नका.

परवा सानवीनं विचारलं, "अप्पा, हा कोरल खातो ना? मग काढून टाकणार?"

नव्या टाकीसाठी मागवलेल्या कोरलची ऑर्डर मी रद्द केली. आता त्या एवढ्या मोठ्या टाकीत तो एकटाच फिरतो.