पाण्यात घेतलेला श्वास

आज हे अंगणात ट्रॅक्टरच्या ट्यूबचं पंक्चर काढत बसले होते. रबराचा वास आला आणि मला मालवणची होडी आठवली. दहा-बारा वर्षं झाली त्या सहलीला. समुद्राच्या तळाशी काय असतं ते बघायची मला फार इच्छा होती, पण चारचौघांत पाणबुड्यांचा तो अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख घालायची लाज वाटत होती. जाऊबाई म्हणाल्या, "जा की. हितं कोण वळखतंय तुला? आन् मासं काय आपल्या कळस गावात सांगाय येत न्हायती."

मी उतरले. पोहायला विहिरीत शिकलेली, तोंड पाण्यात गेलं की दम धरायचा एवढंच ठाऊक. हवेची नळी तोंडात असूनही मी दम धरूनच राहिले. शिकवणाऱ्यानं दोनदा वर आणलं. "काकी, श्वास घ्या. आता नाही जमलं तर थांबवू या."

तिसऱ्यांदा मी डोळे मिटून श्वास घेतला. पाणी नाही, हवाच आली. डोळे उघडले, तर पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा अगदी समोर येऊन माझ्याकडे बघत होता. कुणी बघितलं की मी मान खाली घालते. तेव्हा घातली नाही.

तेव्हा वाटलं, मी समुद्र बघून आले. आता वाटतं, त्या माशाला मी काय वाटले असेन?