पदरातलं बोर

छकुलीला ऐकू येत नाही की काय, हा संशय घरात पहिल्यांदा मीच बोलून दाखवला. माझी जीभ काही थांबत नाही! नऊ महिन्यांची नात वाटीशी खेळत बसली होती, मागे दार धाडकन आपटलं, आणि तिने मानसुद्धा वळवली नाही. त्या दिवसापासून जठारपेठेतल्या आमच्या घरात नुसता दणदणाट. मी ताट बडवायची, मुलगा टाळ्या पिटायचा, सून स्वयंपाकघरात डोळे पुसायची. पोरगी कधी बघायची, कधी ढुंकूनही नाही. अमरावतीला कानांची तपासणी ठरली. मी अंबामायला म्हटलं, "माय, माहे कान घे, पन हिले आयकू येऊ दे." म्हणून झालं तरी धीर काही येईना. रोज तेच मागणं, आणखी मोठ्याने.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिचं बोरन्हाण होतं. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून तिला पाटावर बसवलं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले आणि गल्लीतली पोरं वेचायला तुटून पडली. काय तो कल्ला! छकुली मात्र एक भलंमोठं ॲपल बोर दोन्ही हातांत धरून फिरवत होती. ना रडली, ना दचकली. बायका म्हणाल्या, "किती शांत लेकरू!" मी तिच्या पाठीमागे जाऊन ताट बडवलं. नाही वळली. पुन्हा बडवलं. सून रडत आत निघून गेली.

शेजारणीसोबत दर्यापूरची कोणी म्हातारी आली होती. तिने माझ्या हातातलं ताटच काढून घेतलं.

"काहून बडवून राहिली वं माय? पोट्टी कामात हाये. तिले तिचं काम करू दे. बस चूपचाप."

तिने पोरांना खाऊ देऊन अंगणात पिटाळलं. घर शांत झालं. मी मुकाट्याने नातीच्या मागे बसले. बोर फिरत होतं. देठ, मग लालसर डाग, पुन्हा देठ. इतकं मन लावून मी देवापुढे कधी बसले नव्हते. बघता बघता मागणंच विसरले. नुसते हात जोडायला गेले, तर पदरात अडकलेलं एक बोर फरशीवर पडलं. टप. एवढासाच आवाज. छकुलीने मान वळवली. आधी बोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसली. मी ढसाढसा रडले. सून घाबरून दारात आली, हळूच "छकुली" म्हणाली, आणि पोरगी तिच्याकडेही वळली.

दुसऱ्या दिवशी तपासणीत कान ठणठणीत निघाले. कोणी योगायोग म्हणेल, म्हणो बापडा. मला एवढंच कळलं की देवीपुढेही मी ताटच बडवत होते. आता आरती झाली की घंटा खाली ठेवते आणि गप्प बसते. शेजारी छकुली वाटीशी खेळत असते. माय, कान घे म्हटलं होतं मी तुला. तू ते उघडून परत दिलेस.