शिकागोचा ऋषी कोण?

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी काशीतच, लंका नावाच्या आमच्या भागातल्या बाजारात मटार निवडत होते. शनिवारची सकाळ, थंडी नुकती सुरू झालेली. दादाच्या बगलच्या घरातल्या सुमनवहिनी फोनवर आधी नुसत्या रडत होत्या. मग कळलं की दादा नेहमीसारखा पाठ द्यायला बसला होता, मधेच थांबला, “जरा पाणी द्या” म्हणाला, आणि पाणी येईपर्यंत भिंतीला टेकून… मटार तिथेच टाकून मी रिक्षात बसले. वाटेत मला त्याचा रागच येत होता, खोटं कशाला सांगू? गुरुवारी मी त्याच्याशी भांडून आले होते आणि हा समझोता न करताच निघून गेला.

माझा थोरला भाऊ, श्रीधर, रामघाटावरचा घनपाठी. घनपाठ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वेदमंत्रातले शब्द पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, परत तिसरा-दुसरा-पहिला, असे उलटसुलट गुंफून म्हणायचे आणि एक स्वरही हलू द्यायचा नाही. दादाच्या अंगात हे इतकं मुरलेलं की दाढी करतानासुद्धा त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. आणि त्या घराचा नियम असा की कुठलाही मंत्र म्हणण्याआधी त्याचा ऋषी, छंद आणि देवता सांगायची. कुणी पाहिला, कुठल्या मापात बसवला, कुणासाठी आहे, हे माहीत नसताना तोंड उघडलं तर आमचे वडील पाठीत रपाटा घालत. मी मुलगी म्हणून रपाट्यातून वाचले, पण कान माझेही तयार झाले.

दादाचा एकुलता एक मुलगा केदार. दादाची बायको लवकर गेली, त्यामुळे पोराला अर्ध्याहून जास्त मीच वाढवलं. निम्मा वेद शिकून तो पुण्याला ध्वनिमुद्रणाचं काम शिकायला गेला आणि तिथे डीजे झाला. दादानं हे कसंबसं गिळलं. “कान तर घरचेच घेऊन गेला आहे ना,” असं म्हणायचा. पण आठ वर्षांपूर्वी दिवाळीला आलेल्या केदारनं सांगितलं की तो साहिल नावाच्या मुलाबरोबर राहतो आणि जन्मभर त्याच्याबरोबरच राहणार आहे. दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, आमच्याकडे ओरडलेलं तासाभरात विरतं. तो शांतपणे म्हणाला, “इथे पुन्हा येऊ नकोस.” केदार फराळाचं ताट तसंच ठेवून उठला. मी दादाला बोलायचं ते सगळं बोलले, महिनाभर तोंड पाहिलं नाही. मग हा माणूस पोह्यांवर दिवस काढतो आहे असं कळलं, आणि दर गुरुवारी डबा घेऊन जायला लागले. भाऊ मूर्ख असला तरी उपाशी ठेवता येत नाही.

चार वर्षं अशीच गेली. मुलाचं नाव त्या घरात निघत नसे. एका गुरुवारी मी आमटी वाढत होते आणि माझ्या फोनवर केदारनं पाठवलेलं काहीतरी वाजायला लागलं. धप धप धप धप, एकसारखं, आणि त्यावर पियानोचे दोनच सूर फिरून फिरून येत होते. मी बंद करायला धावले. दादा पानाकडे बघतच म्हणाला, “काय आहे हे?” मी म्हटलं, हाऊस म्युझिक, तुझ्या मुलानं वाजवलेलं. वाटलं, आता पान सरकवून उठणार. तर हा विचारतो, “ऋषी कोण?”

मला काय ठाऊक! मी शाळेत भूगोल शिकवला जन्मभर. तर म्हणे, “पूछ त्याला.” स्वतः विचारणार नाही, बरं का. मी विचारायचं, मी उत्तर आणायचं, आणि हे सगळं केवळ अभ्यासासाठी चाललं आहे असा चेहरा दोघा बापलेकांनी ठेवायचा. मी म्हटलं, चला, टपालखातं तर टपालखातं.

केदारचं पहिलं उत्तर असं आलं की हे शिकागोतलं. तिथे एक जुनं गोदाम होतं, त्याचा क्लब केलेला, आणि न्यूयॉर्कहून आलेला एक काळा डीजे तिथे रेकॉर्डी वाजवायचा. हाऊस हे नावही त्या गोदामावरूनच पडलं असं सांगतात. दादाला हे एवढ्यानं पुरणार होतं थोडंच? त्याच्याआधी कोण? त्यानं कुणाकडून घेतलं? केदारनं कळवलं की आधी डिस्को होतं, पण लोक त्यावर इतके चिडले की एका मैदानात भर गर्दीत त्या रेकॉर्डी सुरुंग लावून उडवल्या. दादानं डोळे मोठे केले. “रेकॉर्डी? उडवल्या?” पोथ्या जाळल्याचं ऐकावं तसा तो बराच वेळ चुकचुकत होता. मग त्या माणसानं काय केलं, तर लोकांनी टाकलेली तीच गाणी घेतली, त्यातला आवडता तुकडा टेपवर कापून पुन्हा पुन्हा जोडला, लांबवला, खाली जुन्या ड्रम मशीनचा ठोका घातला, आणि एका रेकॉर्डीतून दुसरीत असा गेला की नाचणाऱ्याचं पाऊल चुकू नये. दादा मांडी सावरून बसला. “म्हणजे तुकडा घेऊन पुढे जायचं, परत मागे यायचं, आणि सांधा दिसू द्यायचा नाही,” तो म्हणाला. “हे काम सोपं नाही, नले.” मुलाबद्दल चार वर्षांत काढलेला तो पहिला चांगला शब्द. मी घाटावरूनच केदारला फोन लावून सांगितलं.

मग दादानं एक रजिस्टर घातलं. छंद: मिनिटाला सुमारे एकशेवीस ठोके, चार-चारच्या गटात. हे त्यानं भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून अंगठ्यानं मोजून पाहिलं होतं. ऋषींच्या यादीत पहिल्यानंतर दुसरा आला, वयानं लहान, रेकॉर्डी भरधाव पळवणारा. पहिल्याच्या क्लबात दिवे घालवून अंधारात रेल्वे अंगावर आल्याचा आवाज सोडायचे म्हणे, आणि नाचणारे किंचाळायचे. हे ऐकून दादा लहान मुलासारखा हसला. असे गुरुवार तीन-साडेतीन वर्षं चालले. मलाही नाद लागला. बाजारात कुठे धप धप ऐकू आलं की मी उभी राहून चार-चार मोजायला लागले, भाजीवाला विचारायचा, माताजी, तबियत ठीक आहे ना?

पण मुलाचं वाजवणं काही तो ऐकेना. मी फोन पुढे केला की हात आडवा धरायचा. “अभ्यास अपुरा आहे. देवता कळली नाही अजून.” मी समजावलं, चिडले, शेवटी सांगितलं की लोक आधी ऐकतात आणि मग विचारतात. तो म्हणाला, “लोक काहीही करतात.” एवढा शहाणा माणूस आणि एवढी अक्कल नाही. ज्ञान पुरं होईपर्यंत मुलानं वाट पाहायची, असा हा हिशेब त्याच्याशिवाय दुसरा कोण करणार?

देवतेच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला केदारनं तीन आठवडे घेतले. लिहिलं नाही, आवाजच पाठवला, आणि मी दादाला न विचारता तो लावला. “आत्या, बाबांना सांग, देवता मला माहीत नाही. पण तिथे नाचायला यायचे ते बहुतेक सगळे काळे, आणि त्यातले खूपजण माझ्यासारखे होते. घरच्यांनी बाहेर काढलेले. आठवड्यातून एकदा तिथे त्यांना कुणी ‘तू असा का’ म्हणून विचारत नव्हतं. संगीत त्यांच्यासाठी होतं. एवढंच मला सांगता येतं.”

इतक्या वर्षांनी मुलाचा आवाज ऐकत होता दादा. रजिस्टर समोर उघडं, पेन हातात, पण त्यानं काहीच लिहिलं नाही. भाताला हात लावला नाही. मी भांडी उचलली आणि निघाले. पुढच्या गुरुवारी प्रश्न नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यानं विचारलं, “ते लोक नंतर घरी गेले का?” केदारनं कळवलं की काही गेले, पुष्कळांना कुणी बोलावलंच नाही, आणि त्या काळात आलेल्या आजारात त्यातले कितीतरी मेले तेव्हाही घरून कुणी आलं नाही. मी हे वाचून दाखवलं. दादा उठून खिडकीशी गेला, गंगेकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल, बोलाव त्याला. म्हणाला नाही.

आणि मग तो शेवटचा गुरुवार. मी पान वाढलं, त्यानं विचारलं, “तो उभा राहून वाजवतो की बसून?” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एवढंच विचारायचं आहे का तुला? सत्तरी आली, मुलगा तिकडे तुझ्या एका शब्दासाठी झुरतो आहे आणि तू बैठक विचारतोस? ये म्हण ना त्याला! दादा हळूच म्हणाला, “पूछ तर.” मी विचारलं. उभा राहून, असं उत्तर आलं. ते सांगून मी डबा उचलला आणि त्याच्याशी न बोलता जिना उतरले. हे मला आता आयुष्यभर पुरणार आहे.

दादा गेला त्या शनिवारी संध्याकाळीच केदार आला. साहिलही आला, पण मणिकर्णिकेवर तो लांब पायऱ्यांवरच उभा राहिला. अग्नी दिल्यानंतर केदार घरी यायला तयार होईना. दिवस सगळे त्यानं घराखालच्या पाठशाळेच्या ओसरीत काढले, साहिल लॉजवर. मी वर ये म्हटलं की त्याचं एकच, “बाबांनी येऊ नको म्हटलं होतं, आत्या. ते त्यांनी परत घेतलं नाही.” दहाव्याच्या दिवशी त्यानं मला सरळ विचारलं, “ते मला बोलावणार होते का गं?” काय सांगणार? मी होते साक्षीला, शब्द त्यानं काढला नव्हता. माहीत नाही, म्हणाले मी. त्यानं मान हलवली.

आमचं घर जमिनीवर बसणाऱ्यांचं. पाट, चटया, रजिस्टर ठेवायला बुटकी चौकी, बस. उंच म्हणावं असं त्या घरात काही नव्हतंच. आता वरच्या खोलीत खिडकीखाली एक शिसवी टेबल आहे. तेराव्या दिवशी सकाळी मुन्ना मिस्त्री, आमचा सुतार, ते सुट्या भागांत गल्लीतून घेऊन आला. तो हे बनवायला गावी गेला होता, दादा गेल्याचं त्याला दारातच कळलं, आणि तो तिथेच पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, पंडितजींनी जाण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, बोलावून हे करायला सांगितलं होतं, जोडून तरी देतो. सामान वर चढवायला माणूस नव्हता, म्हणून केदारला हात लावावाच लागला. टेबलाचा एक पाय घेऊन तो वर आला, आठ वर्षांनी.

मिस्त्रीनं टेबल जोडून खिडकीखाली लावलं. केदार त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर ठेवले. कोपरं बरोबर बसली, ना वर ना खाली. मिस्त्री म्हणाला, “हमने नाप माँगा तो पंडितजी अपनी छाती के नीचे हाथ रख के बोले, यहाँ तक, लड़का हमसे चार अंगुल ऊँचा है.” केदार टेबलाकडेच बघत होता. मी मिस्त्रीला विचारलं, पण हे एवढं लांब कशाला केलंस? निम्मी खोली अडली.

“हमने भी यही कहा था, माताजी,” तो म्हणाला. “बोले, लंबा ही बनाओ. दो जन खड़े होंगे.”

केदारनं हात काढले. जिना उतरून तो गल्लीत गेला, आणि साहिलला घेऊन वर आला.