मी न लिहिलेला लेख

"सर, सही करून द्या ना, आज लास्ट डेट आहे," अपूर्वा म्हणाली. आज प्रबंध जमा झाला नाही तर तिची कॉलेजातली नोकरी हातची जाणार होती.

मी भोपाळच्या एका विद्यापीठात ग्रंथपाल आहे. पीएचडीचा प्रबंध आधी आमच्या सॉफ्टवेअरमधून जातो. कुठून तरी उचललेला मजकूर ते पकडतं, मग मी सर्टिफिकेटवर सही करतो. अपूर्वाचा विषय बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी. रिपोर्ट एकदम क्लीन.

पेन काढलं, सवयीने संदर्भसूची चाळली आणि हात थांबला. एका लेखाचा लेखक मी होतो. माझं पूर्ण नाव, जर्नल, पानांचे आकडे. असला लेख मी जन्मात लिहिलेला नाही.

तो अंक आमच्याच कपाटात होता. त्या पानांवर मातीच्या परीक्षणाबद्दल भलत्याच माणसाचा लेख. मग अपूर्वाने प्रबंधात माझ्या नावाने दिलेला उतारा दाखवला. भोपाळातल्याच कोटरा सुल्तानाबादमध्ये एका गल्लीखाली बुजवलेली बावडी आहे, असं त्यात होतं. गल्ली माझीच. वाक्यांची ठेवणही माझ्यासारखी.

"हा लेख तू वाचलास?"

"नाही सर. सीनियरच्या थीसिसमधून रेफरन्स घेतला. सगळेच घेतात."

सीनियरला फोन लावला. तो म्हणाला, "सर, एआयने दिला होता. तुमचं नाव बघून चेकच नाही केलं."

सॉफ्टवेअर चोरी पकडतं. जे कुणी कधी लिहिलंच नाही, ते त्याला स्वच्छच दिसतं. तिचं अख्खं प्रकरण त्या बावडीवर उभं होतं. मी सही केली नाही. पोरगी रडली, मलाही फार वाईट वाटलं. ते प्रकरण काढून तिने नव्याने लिहिलं, पीएचडी झाली. नोकरी मात्र तोवर दुसऱ्याला मिळाली होती.

लेख काही मेला नाही. अजून ईमेल येतात, "सर, आपके आर्टिकल की कॉपी मिलेगी?" परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या गल्लीखाली विहीर आहे आणि तुम्ही बोलला नाहीत? मुलाने नेटवर वाचलं, तुमचं नाव आहे." मी लिहिलं नाही म्हटलं, तर त्यांना वाटलं मी लपवतोय.

जे स्वतः वाचलं नाही ते सूचीत घालू नये, हे मी दर वर्षी पोरांना सांगतो. त्या गल्लीखाली काही नाही, हेही मला पक्कं ठाऊक आहे. तरी सकाळी दूध आणायला मी हल्ली कडेकडेने जातो.